‘आनुवंशिक धोक्यातील लिंगभेद’ : मराठीत नीट कसं लिहावं?

मुक्ता : आमच्या महिला मंडळाच्या पत्रकात डिमेन्शियावर, त्यातही त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमरवर, चार ओळी द्यायच्या आहेत. मी लिहिलं, ‘अल्झायमरच्या आनुवंशिक धोक्यात लिंगभेद आढळतो.’ एका मावशींनी वाचून विचारलं, “म्हणजे हा आजार आईकडून लेकीलाच येतो का गं?” कोणते शब्द घालू?

देवदत्त : मुक्ताताई, ‘लिंगभेद’ आधी काढा. मुलाला दूध आणि मुलीला ताक, याला आपण लिंगभेद म्हणतो. इथे ‘स्त्री-पुरुषांतला फरक’ पुरे.

‘आनुवंशिक’ शुद्ध आहे (पहिला ‘आ’च हवा), पण बोलण्यात त्याचा अर्थ ‘घराण्यात चालत आलेला’ असा होतो. मावशींचा प्रश्न तिथूनच आला. या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यासलेलं जनुक म्हणजे एपीओई. ते १९व्या गुणसूत्रावर असतं. लिंग ठरवणाऱ्या एक्स-वाय गुणसूत्रांशी त्याचा संबंध नाही. आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक, आणि मुलगा असो वा मुलगी, मिळण्याची शक्यता सारखीच. त्याचे मुख्य प्रकार तीन : ई२, ई३, ई४. ई४ असेल तर अल्झायमरचा धोका वाढतो, हा संबंध १९९३मध्ये पुढे आला. फरक पडतो तो पुढे, त्याच्या परिणामात. म्हणून ‘जनुकीय’ लिहा.

आणि वय लिहायला विसरू नका. १९९७च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ई४ची एक प्रत असलेल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त धोका दिसला होता. २०१७मध्ये सुमारे ५८,००० लोकांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा ५५ ते ८५ या सगळ्या वयांत मिळून दोघांचा धोका जवळपास सारखाच निघाला. स्त्रियांचा जास्त होता तो ६५ ते ७५ या दहा वर्षांत. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होण्याशी याचा संबंध आहे का, यावर संशोधन चालू आहे.

शुभदा : ‘धोका’ऐवजी ‘जोखीम’ घ्या ना. गाडीत दागिने जवळ असले की आई म्हणायची, “जोखीम आहे, सांभाळून.” चोरी झालेली नसते, होईलच असंही नसतं. ई४ असून कित्येकांना आजार होत नाही, नसून काहींना होतो.

एक कळकळीची विनंती, ‘म्हातारचळ’ पत्रकात कुठेही नको. माझ्या सासूबाई आमटीत दोनदा मीठ घालायच्या, गॅस चालू ठेवून अंगणात जायच्या. घरात सगळे ‘चळ लागलाय’ म्हणत राहिले आणि डॉक्टरांकडे न्यायला फार उशीर झाला. बाई विसरायला लागली की तिच्या वयावर आणि स्वभावावर ढकललं जातं, हे मी जवळून पाहिलं आहे. डिमेन्शियाला ‘स्मृतिभ्रंश’ चालेल. गीतेतही तो शब्द आहे, पण तिथे तो क्रोधातून येतो. पत्रकात पुढे एवढं जोडा की या आजारात नुसती आठवण जात नाही. हिशेब, बोलताना शब्द, ओळखीचा रस्ता, सगळंच हळूहळू सुटत जातं.

मुक्ता : मग असं करते : ‘ई४ हा जनुकप्रकार स्त्री-पुरुष दोघांनाही आईवडिलांकडून सारखाच मिळू शकतो, पण त्याची एक प्रत असेल, तर ६५ ते ७५ या वयात स्त्रियांना अल्झायमरची जोखीम पुरुषांपेक्षा जास्त दिसते.’

देवदत्त : छान. ‘रुग्णांत बायका जास्त’ हे मात्र वेगळ्या वाक्यात घाला. त्यात बायका जास्त वर्षं जगतात याचाही वाटा आहे. सगळं जनुकावर टाकता येणार नाही.