सासूबाईंच्या आंदणातला बंब: झाळ लावू की गिझर घेऊ?

दिग्रसची सून

नमस्कार. दिग्रस तालुक्यातल्या खेड्यातून लिहिते आहे. आमच्याकडे तांब्याचा बंब आहे, सासूबाईंच्या १९६८ च्या आंदणातला. त्या गेल्या, पण बंब रोज पहाटे पाचला पेटतो आणि मीच पेटवते. आता जाळीच्या वर, आतल्या नळीच्या सांध्यातून पाणी झिरपते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, पेटली की चर्र होते आणि सांदवाडीभर, म्हणजे परसभर, नुसता धूर. भंगारवाला दारात येऊन किलोला पाचशे म्हणून गेला, बंब अकरा किलो भरला. यवतमाळच्या तांबटाने झाळ लावायचे बाराशे सांगितले. आमच्या घरचे म्हणतात, गिझर घेऊन टाकू.

खरी अडचण पऱ्हाटीची आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमची कपाशी खाल्ली, शेवटच्या दोन वेचण्या तर मजुरीलाही पुरल्या नाहीत. तेव्हापासून कृषी सहायक दरवर्षी सांगतात, फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेली कपाशी, ठेवू नका, पऱ्हाटीची गंजी शेताजवळ रचू नका. अळी वाळल्या बोंडात, सरकीत पडून राहते आणि पाऊस पडला की पतंग होऊन निघते. आमची गंजी शेताच्या धुऱ्याला लागूनच आहे. म्हणजे बंबासाठी मी वर्षभर अळी पाळते आहे, असे माझ्या मनाला लागून राहिले आहे. यंदा श्रेडर लावून सगळी पऱ्हाटी बारीक करून जमिनीत गाडायची ठरली. मग बंबात घालू काय?

घरात सहा माणसे. सासरे ७९ वर्षांचे, त्यांना बंबाचेच पाणी लागते. आंघोळ झाली की उरलेले निखारे घमेल्यात घेऊन ते खोलीत दार लावून शेकत बसतात. विहिरीचे पाणी जड. घर कौलारू, स्लॅब फक्त पुढच्या खोलीवर. पहाटे लाइन असतेच असे नाही.

वणीचा भांडेवाला

ताई, एवढ्यात विकू नका. साडेपाच हजारांत त्या वजनाचा नवा बंब कुठेच मिळणार नाही. आधी रिकामा करून, पुसून, पाणी भरून रात्रभर ठेवा आणि कुठून ओल येते ते बघा. नुसता सांधा सुटला असेल तर बाराशे वाजवी आहेत. पण नळीचा पत्राच झिजून कागदासारखा झाला असेल, बोटाने दाबला तर दबत असेल, तर झाळ टिकणार नाही, नळी बदलावी लागेल. तांबटाला एक गोष्ट निक्षून सांगा: विस्तवाच्या बाजूला कथलाचा डाग नको, पितळी झाळ हवी. कथील लवकर वितळते. पाणी कमी असताना बंब पेटला की पहिला तोच डाग जातो. तुमचाही तसाच गेला असावा.

जड पाण्याने आतून पांढरा थर धरला असेल. तो तांब्याची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, सरपण जास्त लागते. लिंबूसत्व पाण्यात घालून रात्रभर ठेवा, सकाळी खळखळून धुवा.

निवृत्त वायरमन

गिझरचा हिशेब सांगतो. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. सहा माणसांच्या सहा बादल्या, म्हणजे दिवसाला तीन आणि महिन्याला नव्वद. घरगुती बिलात शंभर युनिटांच्या वर दर चढतो, त्यामुळे हे नव्वद बहुतेक महाग टप्प्यातच पडतील. दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअर ओढतो. जुन्या घरात दिव्यांसाठी ओढलेल्या बारीक वायरवर तो लावू नका. मीटरपासून वेगळी वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि चांगले अर्थिंग हवे, सोबत विजेची गळती पकडणारा ब्रेकर. तोवर बादलीत रॉड टाकायचे तर मनातही आणू नका.

दर्यापूरकर

आम्ही खारपाणपट्ट्यातले. सोलर घेतला तो तांब्याच्या नळ्यांचा सपाट पत्र्याचा. पाण्यातल्या क्षारांनी तिसऱ्या वर्षी नळ्या बुजल्या. मग काचेच्या नळ्यांचा बसवला, तो बरा चालतो, गाळ काढला की झाले. पण वानरांनी दोन नळ्या फोडल्या, वर जाळी मारावी लागली. शंभर लिटरची भरलेली टाकी कौलांवर ठेवू नका, तुमच्या पुढच्या स्लॅबवरच ठेवा. आणि पहाटेचे पाणी म्हणजे कालच्या उन्हाचे पाणी. आभाळ असले की दुसरी सोय लागतेच.

भंडाऱ्याची आशा

ताई, पाण्याचे काय ते निवांत ठरवा, पण निखाऱ्यांचे घमेले आजच खोलीबाहेर काढा. मी आशाचे काम करते, म्हणून जीव तुटून सांगते. निखारा धूर करत नाही, म्हणून माणसाला वाटते की धोका नाही. पण अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. दार-खिडकी बंद असली की तो साचतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते, आणि म्हाताऱ्या माणसाला डुलकी लागली तर घरच्यांना वाटते, ऊब लागली म्हणून झोपले. आबाजींना ओट्यावर, उघड्यावर शेकू द्या. खोलीत गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी द्या. बंबही बंद न्हाणीत पेटवू नका. गॅसच्या गिझरलाही बंद न्हाणीत हाच धोका आहे.

दिग्रसची सून

आशाताई, तुमचे वाचून काल रात्रीच घमेले उचलले. सासरे रागावले, दिवसभर बोलले नाहीत. आज ओट्यावर घोंगडी टाकून दिली आणि नातीला शेजारी बसवले, तेव्हा बसले.

बंब भरून ठेवून पाहिला. ओल फक्त सांध्यातून आहे, पत्रा जाड आहे. मंगळवारी यवतमाळला नेते, पितळी झाळच लावून आणते. पऱ्हाटीच्या जागी तुराट्या जाळणार. आमची दोन एकर तूर आहे, आणि ही बोंडअळी तुरीवर राहत नाही हे कृषी सहायकांना विचारून घेतले. तुराटी भुर्रकन जळते, म्हणून बांधावरच्या बाभळीच्या फांद्या सोबत लागतील. बंब सांदवाडीतल्या पत्र्याच्या छपरीत उघड्यावर ठेवणार, आत न्यायचे ते फक्त पाणी. तूर निघाली की वायरमनदादांनी सांगितली तशी वेगळी वायर ओढून घेऊ, गिझर त्यानंतर.

वणीचे दादा, एक राहिले. तोटीही गळते. ती तांबटच बदलून देतो की पितळेची तोटी आधी विकत घेऊन जाऊ?

वणीचा भांडेवाला

घेऊनच जा. जुनी तोटी सोबत न्या, आट्यांचे माप जुळायला पाहिजे.