विषय संपलेत, की आपण रोज त्याच वेळी तिथे जातो?

पाऊणपट_तिथी
'ठाण्यात, नवी मुंबईत फोटो काढण्यासारखं काही उरलं नाही' ही तक्रार इथे दर महिन्याला येते. माझं मत आडमुठं आहे: जागा बदलू नका. ठाण्यातल्या तलावाचा काठ, तलावपाळीच घ्या. एकच फिक्स (झूम नसलेली) लेन्स, पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटर. महिनाभर, आठवड्याला तीन चकरा, आणि एका चकरेत जास्तीत जास्त ३६ फ्रेम.

पहिल्या दोन चकरांत कोपिनेश्वराचं शिखर, बोटी, पाण्यातले दिवे सगळं काढून होतं. ते होऊ द्या, त्याशिवाय डोक्यातून जात नाही. तिसऱ्या चकरेपासून एकच प्रश्न घेऊन निघायचं. उदाहरणार्थ, माणूस आणि पाणी यांच्या मधे काय काय येतं? कठडा, काढून ठेवलेल्या चपला, निर्माल्याचा कलश, टेकवलेली सायकल. प्रश्न 'ठाण्याचं जीवन' इतका ऐसपैस घेतलात की पुन्हा शिखराचाच फोटो येणार, हे नक्की. ३६ चा आकडा ३६ फोटोंच्या जुन्या रिळाच्या आठवणीसाठी नाही. बर्स्ट (एका दाबात फोटोंची रांग) लावला की निवड घरी कंप्युटरवर होते आणि जागेवर बघणं थांबतं.

काठावरचा_टेली
साफ असहमत. एकाच कठड्याचे महिनाभर फोटो काढणं म्हणजे उपासाला पक्वान्न म्हणणं झालं. विषय बाहेर असतो, त्याला स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते शिकावं लागतं. ठाणे खाडी घ्या. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेलं, तरी निम्मे लोक हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी कधीही जातात आणि रिकामा चिखल बघून परततात.

ओहोटीला पक्षी खाडीत लांब चिखलावर चरतात. भरतीने चिखल बुडाला की ते नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येतात. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा हिशोब पुरतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. षष्ठीला (सहाची पाऊणपट) साडेचार वाजता, अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून.

आता खरी गोम. अष्टमीची सहाची भरती म्हणजे कोवळं ऊन आणि पाणी एकत्र, असं कागदावर वाटतं. पण अष्टमीला भांग (सर्वांत छोटी भरती) असतं, पाणी पुरेसं चढत नाही आणि बरेच पक्षी खाडीतच राहतात. उधाण (सर्वांत मोठी भरती) अमावस्या-पौर्णिमेला, तेव्हा भरती भर दुपारी बाराच्या सुमारास आणि ऊन डोक्यावर. मधला मार्ग म्हणजे पंचमी-षष्ठी: पाणी बऱ्यापैकी, आणि उतरतं ऊन हाताशी.

सेटिंग थोडक्यात: उडताना शटर १/१६०० सेकंदाहून हळू नको, चरताना १/५०० चालतं. काळ्या चिखलावर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि पिसं पांढरी जळतात, म्हणून एक्सपोजर उणे ०.७. मागे चकाकतं पाणी असेल तर उलट, अधिक ०.७.

गाळा_नंबर
तुम्ही दोघंही उजेडाचे लाडके. वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजारात) पहाटे या, मार्च ते मे हापूसच्या पेट्या चढता-उतरताना. तिथे बहुतेकांचे फोटो विषयाअभावी पडत नाहीत, आडव्या काळ्या पट्ट्यांमुळे पडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. सायलेंट मोडमधलं इलेक्ट्रॉनिक शटर बंद, मेकॅनिकल चालू. १/१०० ला आडवा जाणारा माथाडी हलतो, समोरून येणारा बऱ्यापैकी स्थिर मिळतो; म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभं राहा, पण हातगाडीची वाट सोडून. आधी गाळेवाल्याला विचारा. फ्लॅश मारलात तर दुसऱ्यांदा कुणी उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे.

पाऊणपट_तिथी
@काठावरचा_टेली, हिशोब चोख आहे (नाव माझं, तिथी तुम्ही वापरलीत!). पण त्या षष्ठीला बांधावर तुमच्यासारखेच पंचवीस टेली (लांब पल्ल्याच्या लेन्स) लागलेले असतात. फोटो उत्तम, फक्त पंचवीस जणांकडे तोच. त्याच तळ्यावर पाणी आत येण्याच्या वाटा बघा: पाइप, नाला, खारफुटीतली चर. त्या बुजल्या की तळं सुकतं आणि भरतीचं गणित बरोबर असूनही पक्षी नसतात. त्या चरीचे वर्षभर, दर उधाणाला, एकाच जागेवरून फोटो काढा. जागा पक्की राहावी म्हणून बांधावरचा एखादा दगड धरा, आणि मागच्या खेपेचा फोटो मोबाइलवर उघडून चौकट जुळवा.

काठावरचा_टेली
चर हा विषय आहे, मान्य. पण चर दिसायला आधी भरती कळावी लागते, म्हणजे मुद्दा माझाच. तलावपाळीच्या कठड्यावर बसून तो सुचला नसता.

ओली_पिशवी
दोन दुरुस्त्या. एक, पाऊणपटीचं उत्तर बंदराकाठचं आहे. खाडीत आत भरती उशिरा पोचते, तेव्हा भरती-ओहोटीचा तक्ता बघा आणि वर थोडा वेळ हातात ठेवा. दोन, साडेचारला तापलेल्या चिखलावर हवा थरथरते आणि लांबचा पक्षी विरघळल्यासारखा येतो. शटर वाढवून ते जात नाही, अंतर कमी झालं तरच जातं. याचा अर्थ पक्ष्यांकडे चालत जा असा नाही. कळप उठवलात तर सगळ्यांचीच संध्याकाळ गेली. काठाजवळचा पक्षी निवडा.

आणि जूनपासून सगळे घरी का बसता? एसीतून थेट पावसात कॅमेरा काढला की काच धुकटते. बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर राहू द्या. पावसाची रेघ हवी तर १/३०, थेंब हवा तर १/५००, आणि दोन्हीला मागे काहीतरी काळोखं लागतं. राखाडी आभाळावर पाऊस दिसतच नाही. तलावपाळीवर गर्द झाडं आहेत. चालेल ना, @पाऊणपट_तिथी?

पाऊणपट_तिथी
चालेल. पण ३६ च फ्रेम.