सामूहिक गोधडीचे तुकडे जुळत नाहीयेत, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ४० जण मिळून एक गोधडी करतोय. प्रत्येकाने एक फुटी चौकोनावर स्वतःची आठवण भरायची किंवा रंगवायची, जोडकाम माझ्याकडे. कल्पना १९८७ च्या एड्स स्मृती गोधडीवरून सुचली, म्हणजे अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत लोकांनी मिळून केलेली गोधडी. तिथे प्रत्येक तुकडा ३ बाय ६ फुटांचा, आणि असे आठ जोडले की १२ फुटी चौकोन. माप पक्कं, म्हणूनच हजारो अनोळखी हातांचं काम एकत्र बसलं.

मी माप सांगितलं, कापड कोणतं ते सांगायला विसरले. आता सुती, जॉर्जेट, डेनिम सगळंच आलंय. डेनिमशेजारी जॉर्जेट शिवलं की चुण्या पडतात. पातळ तुकड्यांना मागून सुती अस्तर धावदोऱ्याने टाचलं तर ताण सारखा होईल का? न धुतलेलं सुती कापड पुढे आटेल ती काळजी वेगळीच.

पण खरी अडचण दुसरीच आहे. एका आजींनी नातवाचं नाव अगदी काठाला भरलंय. शिवणीत अर्धा इंच गेला की नावच जाणार. उसवून पुन्हा करा, असं त्यांना सांगवत नाही. त्यांचा तुकडा मोठ्या कापडावर ठिगळासारखा वरून लावला तर शोभेल का? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.