किनाऱ्यावर आणि जमिनीवर, दोन्हीकडे चालेल असा परवडणारा मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. छंद म्हणून मेटल डिटेक्टर घेण्याचा विचार आहे. निम्मा वेळ समुद्रकिनाऱ्यावर आणि निम्मा वेळ शेतात किंवा मोकळ्या मैदानात जाईल. दोन स्वतंत्र यंत्रे घेणे खिशाला झेपणारे नाही, म्हणून एकातच दोन्ही कामे भागावीत अशी इच्छा आहे. मित्राचा साधा डिटेक्टर एकदा वापरून पाहिला होता. कोरड्या वाळूत तो व्यवस्थित चालला. परंतु ओहोटीच्या ओल्या वाळूवर नेताच खाली काहीही नसताना सारखा वाजू लागला, आणि संवेदनशीलता निम्म्यावर आणल्यावर गप्प झाला खरा, पण मग मुद्दाम पुरलेले नाणेही त्याला सापडेना. हा दोष यंत्राचा समजावा की वाळूचा? एक फ्रिक्वेन्सी, अनेक फ्रिक्वेन्सी आणि पल्स इंडक्शन यांपैकी माझ्या उपयोगाचे काय, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

दोष खाऱ्या पाण्याचा आहे. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाची तारेची चकती, जमिनीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र सोडते (हा बदल सेकंदाला किती वेळा होतो, ती फ्रिक्वेन्सी), त्यामुळे धातूत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांच्या उलट क्षेत्रावरून यंत्राला धातूचा सुगावा लागतो. मिठाचे पाणी विजेचे वाहक असल्याने भिजलेल्या वाळूतही असेच क्षीण प्रवाह उठतात, आणि यंत्राला वाटते की खाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यासारखे काहीतरी पसरलेले आहे. शेतात अडचण निराळी असते. तिथे मातीतले लोहखनिज त्रास देते, पण ते चुंबकीय असले तरी फारसे वाहक नसते. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला ग्राउंड बॅलन्स करून, म्हणजे त्या जागेच्या जमिनीचा आवाज दबेल अशी जुळवणी करून, यांपैकी एकाचाच आवाज नीट दाबता येतो; ओल्या वाळूत, त्यातही काळ्या वाळूत, मीठ आणि लोहखनिज दोन्ही एकत्र भेटतात, आणि मग संवेदनशीलता उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करणारे यंत्र येथे उपयोगी पडते, कारण मीठ, खनिज आणि धातू हे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि ते प्रतिसाद एकमेकांशी ताडून यंत्राला मिठाचा वाटा वजा करता येतो. परवडणाऱ्या यंत्रांत माइनलॅब कंपनीच्या व्हँक्विश मालिकेतील ३४०, ४४० आणि ५४० ही यंत्रे या तंत्राची आहेत. नोक्टा कंपनीचे लेजेंड हेही त्याच तंत्राचे असून त्यात हाताने करावयाच्या जुळवण्या बऱ्याच अधिक आहेत.

खरेदी करताना एका शब्दाकडे मात्र लक्ष द्यावे. ‘फ्रिक्वेन्सी निवडता येतात’ आणि ‘सर्व फ्रिक्वेन्सी एकाच वेळी चालतात’ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. माइनलॅबच्याच एक्स-टेरा प्रोमध्ये ५, ८, १० आणि १५ किलोहर्ट्झ यांतून निवड करता येते, पण एका वेळी चालते ती एकच.

प्रतिसाद २

वरील विवेचन योग्य आहे, तरीही निर्णयापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: ओल्या वाळूत आपण खरोखर किती वेळ घालवणार आहोत? लोक बसतात, खेळतात आणि वस्तू हरवतात ते मुख्यतः भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, आणि तिथे एक फ्रिक्वेन्सीचे यंत्रही शेतातल्याइतकेच चांगले चालते. नोक्टाचे सिंप्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचे आहे, त्यात ग्राउंड बॅलन्स करता येतो आणि ते संपूर्ण यंत्र ३ मीटर पाण्याखाली नेता येते. मात्र पाणी आत शिरत नाही याचा अर्थ खारे पाणी त्याला चकवत नाही असा नव्हे; हा घोळ नवशिक्यांकडून हमखास होतो, आणि माझ्याकडूनही झालेला आहे.

उलट बाजूने, वर सांगितलेल्या व्हँक्विश यंत्रांची कॉइल १ मीटरपर्यंत पाण्यात चालते, पण वरचा नियंत्रण भाग जलरोधक नाही. माझ्या एका जुन्या यंत्राची रचना अशीच होती. खणण्यासाठी ते वाळूवर आडवे ठेवले, तेवढ्यात एक लाट आली आणि यंत्र कायमचे बंद पडले.

प्रतिसाद ३

पल्स इंडक्शन यंत्राला, म्हणजे सलग लहरींऐवजी चुंबकीय क्षेत्राचे छोटे झटके सोडणाऱ्या यंत्राला, मिठाचा त्रास जवळजवळ होत नाही आणि खोलीही चांगली मिळते. पण लोखंड वेगळे ओळखण्यात ते फार कच्चे असते, त्यामुळे शेतात प्रत्येक गंजक्या खिळ्यासाठी खड्डा खणावा लागेल. निम्मे काम जमिनीवर असताना ते घेऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. माझा कल आता अनेक फ्रिक्वेन्सींच्या यंत्राकडे आहे, कारण ओहोटीनंतर ओल्या वाळूत फिरण्याचीच मला अधिक ओढ आहे. तिथे नको त्या धातूंचे आवाज पूर्णपणे बंद ठेवता येतील का?

प्रतिसाद १

तसे करू नये. सोन्याची बारीक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद यंत्राच्या पडद्यावर जवळजवळ एकाच आकड्यांत दिसतात, त्यामुळे कागद गाळायला गेलात तर अंगठीही गाळली जाते. किनाऱ्यावर फार तर लोखंड वगळावे आणि बाकी सर्व खणावे. वाळूत खणण्याचे कष्टही कमीच असतात. बीच मोड, म्हणजे यंत्रातील किनाऱ्यासाठीची जुळवणी, निवडून, ग्राउंड बॅलन्सची सोय असेल तर तो ओल्या वाळूवरच, खाली धातू नसलेली जागा पाहून करून घ्यावा. कॉइल झोक्यासारखी टोकांना वर उचलू नये, कारण वाळूपासूनचे अंतर बदलले की मिठाचा संकेतही बदलतो आणि फसवे आवाज येतात. घरी आल्यावर कॉइल, तिच्यावरचे आवरण आणि दांडा गोड्या पाण्याने धुवावेत. आवरण काढूनच धुवावे, कारण त्याखाली साचलेल्या काळ्या वाळूमुळे पुढच्या वेळी शेतातही यंत्र विनाकारण वाजत राहते.