मुतखडा झाला म्हणून सगळ्याच पालेभाज्या बंद करायच्या का?

सांगलीची_सून:
यांच्या कंबरेत कळ आली म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या बाजूला 6 मिमीचा खडा. हिमोग्लोबिन 11 आलं होतं, म्हणून चार महिने मीच रोज सकाळी अख्खी जुडी पालक मिक्सरला लावून, गाळून ग्लासभर रस देत होते. डॉक्टर म्हणाले, पालक बंद. सासूबाईंनी पालेभाजीच बंद केली. परवा मेथी निवडायला घेतली तर हातातून काढून घेतली. डब्यात काय देऊ? फार अपराधी वाटतंय.

काळी_माती:
ताई, स्वतःला दोष देऊ नका, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. मला 2014 ला खडा झाला आणि 2019 ला पुन्हा. दुसरा पडला तो तपासायला दिला, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. हे ऑक्झलेट पालक, चुका, चाकवत, माठ, राजगिरा, अळू यांत भरपूर. अळूनं घसा खवखवतो तो त्याच्याच सुईसारख्या कणांनी. मेथीत आणि कोबीत मात्र फारच कमी. मेथी खुशाल करा.

रस मात्र नकोच. अख्ख्या जुडीतलं ऑक्झलेट रिकाम्या पोटी एकदम जातं, आणि पालकातलं लोह अंगी लागतं थोडंच. मी पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर ताकातला पालक खातो. पाला उकडून पाणी ओतून देतो, त्यात बरंच ऑक्झलेट निघून जातं. उरलेल्याला ताकातलं कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवतं. कॅल्शियमचा खडा म्हणून दूध-दही सोडू नका, उलट त्रास वाढतो. दाण्याचं कूट मी घालत नाही, दाण्यातही ऑक्झलेट असतं. आणि पाणी इतकं प्यायला हवं की लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी.

परसबाग:
रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अजून एक. माझ्या वडिलांची हृदयाची झडप बदललीय, वॉरफेरिन चालू आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी पालेभाजी एकदम सोडली. महिन्याभरात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढला, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. आता दर आठवड्याला ठरलेल्या तीन वाट्या, कमी नाही, जास्त नाही.

सांगलीची_सून:
यांना तशी गोळी नाही. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. आज डब्यात मेथी दिली, लसूण-मिरचीची फोडणी घालून. पण गौरीच्या नैवेद्याला आमच्याकडे अळूचं फदफदं लागतंच, त्याचं काय?

काळी_माती:
प्रसादापुरतं दोन चमचे द्या. सोबत वाटीभर दही, आणि त्या दिवशी पाणी जरा जास्त.