दहा वर्षांनी ट्रकवर परत बसणाऱ्यांसाठी थोडी भर

दहा वर्षं ट्रक सोडल्यावर परत ड्रायव्हरकी करायची तर काय बघावं, असं एका दादाने विचारलंय. लायसन आणि पगाराचं बाकीच्यांनी सांगितलंच आहे. त्यात एवढंच: ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत संपून वर्षाच्या वर गेलं असेल तर नुसत्या रिन्यूवल अर्जावर भागत नाही, चाचणी परत द्यावी लागते. मेडिकल फॉर्म 1-अ (डॉक्टरचा दाखला) आधीच भरून घ्या, सोबत चष्मा न्या.

खरी अडचण गाडीत आहे दादा. 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) गाड्यांना डिझेलशिवाय डीईएफ लागतं, म्हणजे धूर स्वच्छ करायचं 32.5 टक्के युरियाचं द्रावण. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं असतं. घाईत त्यात डिझेल गेलं तर सेल मारू नका, टाकी रिकामी करून धुवायला लावा. चालू केली की पंप आणि पुढची सिस्टीम बसते, खर्च मोठा. पाणी मिसळलेलं स्वस्त डीईएफही नकोच. फॉल्ट येतो, पिकअप मरतं, आणि ड्रायव्हर बिचारा क्लच तपासत बसतो.

डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला तर मध्येच इंजिन बंद करू नका. गाडी उभी ठेवून रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) करायचं तर वाळलेल्या गवतावर, उसाच्या पाचटावर गाडी लावायची नाही, सायलेन्सर भयंकर तापतो.

सुरुवातीला जालन्याच्या लोखंडी सळईसारखा जड माल घेऊ नका, जवळचा हलका माल बरा. मांजरसुंब्याचा घाट बीडकडे उतरताना उतार लागायच्या आधी वरच खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा) लावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की ब्रेकचे लायनर तापतात, मग पाय दाबून गाडी थांबत नाही. न्यूट्रलचं तर नावच काढू नका.