प्रतिसाद : टीव्ही चालू होतो, पण अँप्लिफायरचा आवाज हलत नाही

युनिव्हर्सल रिमोटमध्ये (अनेक उपकरणं चालवणारा एकच रिमोट) अँप्लिफायरच्या कंपनीचा कोड टाकल्यावर पॉवर चालते पण आवाज आणि इनपुटची बटणं मुकी राहतात, असा प्रश्न आहे. रिमोट बिघडलेला नाही, कोड अर्धवट जुळलाय. एकाच कंपनीचे बरेच कोड असतात आणि त्यांतल्या काहींची फक्त पॉवरची आज्ञा सारखी असते. म्हणून पॉवर चालली की थांबू नका. पुढचा कोड घ्या, आवाज, म्यूट, इनपुट तिन्ही दाबून बघा, मगच सेव्ह करा.

एकही कोड पूर्ण जुळला नाही तर लर्निंग वापरा, म्हणजे मूळ रिमोटची बटणं नव्या रिमोटला शिकवा. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून. मूळ रिमोटचं बटण किती वेळ दाबायचं ते पुस्तिकेत पाहा. जास्त दाबलं तर पुढे एका दाबात आवाज दोन पायऱ्या उडी मारतो. थेट ऊन पडत असेल तर पडदा ओढा. मूळ रिमोटचे सेल नवे हवेत, हे बहुतेक जण विसरतात.

एकाच बटणात सगळं चालू करायचं असेल तर खरी गोची पॉवरची. ती आज्ञा बहुधा टॉगल असते, म्हणजे चालू आणि बंद दोन्हीसाठी एकच, त्यामुळे आधीच चालू असलेला टीव्ही बंद होतो. स्वतंत्र ‘ऑन’ कोड मिळाला तर तोच घ्या. त्यानंतर इनपुटच्या आज्ञेआधी टीव्ही जागा होईपर्यंत पाच-दहा सेकंदांचा थांबा टाका.

फायर टीव्ही स्टिकवर मात्र वेळ घालवू नका. वरचे कोड इन्फ्रारेडने (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने) जातात आणि तिच्यात इन्फ्रारेड रिसीव्हरच नाही, ब्लूटूथवाला रिमोट लागतो.